मराठवाड्यात इलेक्ट्रिक गाडीने फिरताना चार्जिंगची ठिकाणे कशी शोधावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, दसऱ्यानंतर आईवडिलांना घेऊन नांदेडहून लातूर, तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, वेरूळ आणि अजिंठा असा फेरा करून जालना-परभणीमार्गे परत यायचे आहे. गाडीची बॅटरी ३८ युनिटांची (किलोवॉट-तासांची) आहे. मोबाइलच्या नकाशावर चार्जर पुष्कळ दिसतात, पण त्यांवर कितपत विसंबावे हे कळत नाही. मी विद्युत अभियंता असून चार्जिंगच्या जोडण्या उभारण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मराठवाड्यातच करतो व त्यासाठी इलेक्ट्रिक गाडीनेच फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपला फेरा या गाडीने निश्चित होईल. मात्र बहुतेक लोक नियोजनाची सुरुवात महामार्गावरील जलद चार्जरपासून करतात आणि मुक्कामाचे लॉज शेवटी ठरवतात. आपल्या भागात हा क्रम उलटा करावा लागतो. रात्री गाडी जिथे उभी राहणार तिथली वीज आधी पक्की करावी, आणि दिवसाच्या जलद चार्जरकडे त्यानंतर वळावे. जलद चार्जर निवडतानाही तो एकटा कधीच धरू नये. तो बंद निघाला तर उरलेल्या बॅटरीवर गाठता येईल असे दुसरे ठिकाण हाताशी असेल, तरच पहिल्याला हिशेबात घ्यावे.

मुक्कामाला एवढे महत्त्व का, हे आकड्यांवरून लक्षात येईल. गाडीसोबत मिळणारी पोर्टेबल केबल साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून, म्हणजे गिझर किंवा एसी ज्यावर चालतो त्या सॉकेटमधून, सुमारे अडीच ते तीन किलोवॉट वीज घेते. चार्जिंगमध्ये दहा ते पंधरा टक्के वीज वाया जाते हे धरले, तरी दहा तासांत बॅटरीत २४-२५ युनिटे पडतात. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास चालवल्यास आपली गाडी एका युनिटात सहा ते साडेसहा किलोमीटर जाईल, म्हणजे एका रात्रीत दीडशे किलोमीटरची सोय झाली. आता आपले टप्पे पाहा. नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर, लातूर ते तुळजापूर ७५, धाराशिव ते बीड ११५ (मुक्काम तुळजापूरऐवजी धाराशिवला का, ते पुढे सांगतो), बीड ते छत्रपती संभाजीनगर १३०, तिथून जालना ६० आणि परभणी ते नांदेड ७५. अजिंठ्याची जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरची फेरी सोडली, तर यातला प्रत्येक टप्पा रात्रभराच्या साध्या सॉकेटवर भागतो. जलद चार्जर केवळ दोन टप्पे एका दिवसात जोडायचे असतील तेव्हा लागतो.

म्हणून लॉजवाल्याला फोन करताना ‘चार्जिंगची सोय आहे का’ असे विचारू नये, कारण चार्जर बसवलेला नसल्यामुळे तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. त्याऐवजी, गाडी उभी राहते तिथपासून चार-पाच मीटरवर एसीसाठी असते तसे मोठे सॉकेट आहे का, त्याला अर्थिंग आहे का आणि रात्री जनरेटरवर गेल्यास ते सॉकेट बंद करतात का, असे विचारावे. विजेचे पैसे वेगळे देऊ, हे त्याच फोनवर सांगून टाकावे. मालकाच्या मनात दोन धास्ती असतात, एक बिलाची आणि दुसरी वायर जळण्याची. बिलाचे सोपे आहे. गाडी किती युनिटे घेणार हे आधीच सांगून युनिटमागे दर ठरवावा. २५-२८ युनिटांचे पैसे खोलीच्या भाड्यापुढे मोठे नसतात आणि मालकालाही चार पैसे सुटतात. वीज विकायला परवाना लागतो असे काही जण सांगतात, त्यांना समजवावे की गाडी चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

वायरची धास्ती मात्र खरी आहे आणि ती आपणही बाळगावी. गिझर वीस मिनिटे चालतो. गाडी दहा तास सलग तेवढाच प्रवाह ओढते. ढिला स्क्रू किंवा बारीक वायर असेल, तर ती याच वेळी तापते. सॉकेटपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. प्लग लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला हात लावून पाहावा. कोमट असेल तर हरकत नाही, पण हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवावे; केबलवर प्रवाह कमी करण्याची सोय असल्यास १० अँपिअरवर आणून पुन्हा तपासावे. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड यासाठी कधीही वापरू नये.

मराठवाड्यातील लॉजवर सर्वांत जास्त अडचण येते ती अर्थिंगची. अहमदपूरच्या अलीकडे एका लॉजवर मी गेलो होतो, तिथे सॉकेट नवे होते, वायर जाड होती, तरी केबलच्या डबीवरचा दिवा लाल होऊन चार्जिंग सुरू होत नव्हते. मल्टिमीटर लावून पाहिले, तर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांत २२५ व्होल्ट होते, पण फेज आणि अर्थिंग यांत, जिथे जवळपास तेवढेच हवेत, जेमतेम १४०. ते एप्रिलअखेरचे दिवस होते. इमारतीमागचा अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत होता. माती वाळून हातभर भेगा पडल्या होत्या आणि सळईभोवती चक्क पोकळी झाली होती. आम्ही खड्ड्यात मीठ टाकून चार-पाच बादल्या पाणी सोडले आणि तासाभराने पुन्हा मोजले, तेव्हा तोच आकडा २२० वर आला व दिवा हिरवा झाला. काळी माती ओली असेपर्यंत अर्थिंगला फार चांगली असते, पण वाळली की आकसते आणि धातूला सोडते. आपण पावसाळ्यानंतर निघत असल्याने हा त्रास कमी होईल, तरी दोनतीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर डिकीत जरूर ठेवावा आणि तो वापरायची सवय नसेल तर मोजमाप गावातल्या वायरमनकडून करून घ्यावे.

याच ठिकाणी एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. दिवा लाल आला की ‘अर्थिंग आणि न्यूट्रल जोडून देतो, लगेच चालू होईल’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. दिवा त्याने खरोखर हिरवा होतो. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या संपूर्ण पत्र्यात वीज उतरते आणि दार उघडायला हात लावणारा माणूस जागीच दगावू शकतो. आपल्यासोबत वृद्ध माणसे आहेत. असा उपाय कितीही अडलेले असले तरी करू देऊ नये. तसेच रस्त्यालगतच्या शेतातल्या पंपाच्या जोडणीवरही गाडी लावू नये. त्या फीडरचा, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीचा, विजेचा दाब रब्बीत फार उतरतो, थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, आणि शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. आपली गाडी निघून जाते आणि दंडाचे बिल त्या शेतकऱ्याच्या नावावर येते.

लॉजखेरीज दोन जागा लोकांच्या लक्षात येत नाहीत. मंगल कार्यालयांत जोडभार (वीजजोडणीची क्षमता) मोठा असतो, जनरेटर असतो आणि लग्नाची तिथी नसेल तेव्हा आवार मोकळे असते. रखवालदारामार्फत मालकाशी बोलल्यास तीन-चार तासांची परवानगी सहसा मिळते. देवस्थानांच्या भक्तनिवासांतही कार्यालयात आधी भेटून विचारल्यास सोय होऊ शकते. न विचारता व्हरांड्यातल्या सॉकेटला केबल लावणे मात्र अयोग्य आहे, आणि त्यामुळे आपल्यामागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही ‘नाही’ ऐकावे लागते.

आता जलद चार्जरविषयी. महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी असे केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते आणि राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणातही राष्ट्रीय महामार्गांसाठी तेच अंतर धरले आहे. प्रत्यक्षात धुळे-सोलापूर महामार्ग आणि छत्रपती संभाजीनगर-जालना पट्टा बरा आहे. पूर्वेकडे परभणी, हिंगोली, गंगाखेड, पालम या बाजूला चार्जर विरळ होत जातात. मराठवाड्याच्या पूर्व भागाला ही सोय तितक्याच निकडीने हवी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथला माणूस उपचारासाठी आणि शिक्षणासाठी नांदेडला किंवा लातूरला लांबूनच येतो.

शोधण्यासाठी एकाच अ‍ॅपवर अवलंबून राहू नये. प्लगशेअरवर वाहनचालकांचे शेरे वाचायला मिळतात, महावितरणचे पॉवरअप आणि केंद्राचे ईव्ही यात्रा हेही आहेत. पण चार्जिंग सुरू करायला त्या-त्या कंपनीचेच अ‍ॅप बहुधा लागते. म्हणून टाटा पॉवर, स्टॅटिक, जिओ-बीपी आणि तेल कंपन्यांची अ‍ॅप घरूनच उतरवून, नोंदणी करून, प्रत्येकात थोडी रक्कम भरून ठेवावी. पंपाच्या आवारात मोबाइलला रेंज नसेल तर ओटीपी येत नाही आणि समोर चालू यंत्र असूनही गाडी उपाशी राहते. ज्या कंपनीचे आरएफआयडी कार्ड (यंत्राला टेकवायचे कार्ड) मिळते ते आवर्जून घ्यावे, कारण यंत्राचे इंटरनेट गेलेले असताना काही ठिकाणी कार्डाने काम होते.

नकाशावरील ठिपक्यांतून आधी गाळणी लावावी. आपल्या गाडीला जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ प्रकारची गन (केबलच्या टोकाचा प्लग) लागते, तेव्हा तेवढेच आणि २५ किलोवॉटच्या वरचे चार्जर दिसतील असे ठेवले की निम्मे ठिपके नाहीसे होतात; जीबी-टी या वेगळ्या प्रकारच्या गनची जुनी १५ किलोवॉटची यंत्रे आपल्या उपयोगाची नाहीत, तीही त्यांतच जातात. उरलेल्यांत विक्रेत्यांच्या शोरूममधले चार्जर असतात, ते सायंकाळी आणि साप्ताहिक सुटीला बंद असतात व कधी फक्त त्याच कंपनीच्या गाड्यांना मिळतात. आणि काही पंपांवर यंत्र उभे आहे, रंग चकचकीत आहे, पण वीजजोडणीच आलेली नाही, अशी स्थिती असते. केंद्राने मार्च २०२३ मध्ये तीन तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जरसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले, त्यामुळे पंपांवर यंत्रे वाढली हे चांगलेच झाले. पण यंत्र पोहोचणे आणि त्याला ट्रान्सफॉर्मरवरून भार मिळणे यांत बरेच महिने जाऊ शकतात.

त्यामुळे निघण्याच्या दिवशी सकाळी पंपावर फोन करावा. ‘चार्जर चालू आहे का’ या प्रश्नाला ‘हो साहेब, या’ असे उत्तर ठरलेलेच असते. त्यात लबाडी नसते, स्क्रीनवर दिवा दिसतो म्हणून तो मुलगा हो म्हणतो. ‘शेवटची गाडी कधी लागली होती?’ असे विचारावे. काल रात्री किंवा आज सकाळी असे उत्तर आले तर निर्धास्त जावे. आठवावे लागत असेल तर दुसरे ठिकाण पाहावे. त्याच्याकडून स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता आला तर फारच चांगले. आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. रात्री पॅनेलच्या खोलीला कुलूप लागते का आणि किल्ली कोणाकडे असते, लाइट गेल्यावर चार्जर जनरेटरवर चालतो का, आणि चार्जरसमोर ट्रक किंवा ट्रॅव्हल्स उभ्या राहतात का.

पोहोचल्यावर यंत्र दोष दाखवत असेल तर लगेच निराश होऊ नये. पुढच्या बाजूला एक मोठे लाल बटण असते, आणीबाणीत थांबवण्याचे. लहान मुले ते सहज दाबतात, कधी कोणाची पाठ लागते, आणि ते दाबलेलेच राहिल्याने यंत्र दिवसभर बंद दिसते. बाणाच्या दिशेने थोडे फिरवले की ते बाहेर येते आणि मिनिटभरात यंत्र पुन्हा उभे राहते. मला दुरुस्तीसाठी बोलावले जाते त्यांतल्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात. चार्जिंग सुरू झाल्यावर स्क्रीनवरचे किलोवॉट पाहावेत. ६० किलोवॉटच्या यंत्राला दोन गाड्या लागल्या तर भार वाटला जाऊन प्रत्येकीला ३० मिळतात, आणि आतले वीज पुरवणारे एखादे मॉड्यूल (सुटा भाग) नादुरुस्त असेल तर एकट्या गाडीलाही तेवढेच मिळतात. ३० किलोवॉटवर २० वरून ८० टक्क्यांवर यायला आपल्या गाडीला पाऊण ते एक तास लागेल. ८० टक्क्यांनंतर वेग उतरत जातो, तेव्हा मागे कोणी थांबले असेल तर गन सोडून द्यावी.

आपल्या मार्गात खरा विचार करण्यासारखा दिवस आहे तो धाराशिवहून बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाण्याचा, कारण ते अंतर सुमारे २४५ किलोमीटर आहे. धाराशिवहून पूर्ण भरून निघालात तर बीडला १८-१९ युनिटे, म्हणजे ५० टक्क्यांच्या आसपास उरतील. पुढच्या १३० किलोमीटरला २१-२२ युनिटे लागतील आणि त्यावर वीस टक्के शिल्लक हवी, म्हणजे बीडला किमान ११ युनिटे घ्यावी लागतील. जलद चार्जरवर हे अर्ध्या तासाचे काम आहे. बीडचा चार्जर बंद निघाला तर गेवराई तिथून ३०-३५ किलोमीटरवर आणि पाचोड त्याच्या पुढे आहे, ही दोन्ही ठिकाणे हातातल्या १८ युनिटांत येतात. म्हणून त्या सकाळी बीडसोबत गेवराई-पाचोड पट्ट्यातील एका ठिकाणी फोन करून ठेवावा. दोन्हीकडून शाश्वती मिळाली नाही तर तो प्रवास एका दिवसात करण्याचा आग्रह सोडून बीडला मुक्काम करावा, किंवा एखाद्या लॉजवर दुपारची खोली घेऊन जेवण आणि विश्रांती होईपर्यंत चार-पाच तास साध्या सॉकेटवर गाडी लावावी. आईवडिलांनाही तो थांबा मानवेल.

तुळजापूरचा दिवस मात्र बदलावा असे सुचवतो. दसरा ते कोजागरी पौर्णिमा हे पाच दिवस देवीच्या श्रमनिद्रेचे असतात आणि पौर्णिमेसाठी लाखो भाविक पायी येतात. सोलापूरकडून येणाऱ्या आणि आसपासच्या रस्त्यांवरची वाहतूक त्या काळात वळवली जाते, वळसा किती किलोमीटरचा पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि चार्जरपर्यंत गाडी नेणेच अवघड होऊन बसते. कोजागरीनंतर दोन-तीन दिवसांनी निघावे, आणि तेव्हाही मुक्काम तुळजापूरऐवजी वीस-बावीस किलोमीटरवरील धाराशिवला ठेवावा, म्हणजे सॉकेट असलेले लॉज निवडायला वाव राहील.

पहिल्या दिवशी लातूरला पोहोचताना बॅटरी हिशेबापेक्षा थोडी जास्त उतरलेली दिसेल, त्याने घाबरू नये. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर आणि लातूर ६३० मीटरच्या आसपास आहे; एवढी उंची चढायला माणसांसह पावणेदोन टनांच्या गाडीला सुमारे सव्वा युनिट जास्तीचे लागते, म्हणजे सात-आठ किलोमीटरचा फरक पडतो. घाटापेक्षा कितीतरी जास्त वीज वेग खातो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेल्यास युनिटमागचे सहा किलोमीटर साडेचारावर येतात, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. याच कारणाने छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला येताना समृद्धी महामार्गाचा मोह टाळून जुन्या रस्त्याने यावे. समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी आहे हे खरे, पण ६० किलोमीटरच्या अंतरासाठी इंटरचेंजपर्यंत जाणे-येणे आणि तिथला वेग यांत वीजच जास्त जाते.

अजिंठ्यासाठी छत्रपती संभाजीनगरला दोन रात्री मुक्काम ठेवून, पूर्ण भरलेल्या बॅटरीने सकाळी लवकर निघावे. ८० च्या वेगाने जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर कसेबसे होतात, पण शिल्लक फार थोडी राहते, त्यामुळे जाताना किंवा येताना सिल्लोड परिसरात पंधरा-वीस मिनिटांचे जलद चार्जिंग हिशेबात धरावे आणि त्याचा फोन आदल्या दिवशीच करावा. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर उभ्या कराव्या लागतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. गाडी तिथे तीन-चार तास उभीच असते, तेव्हा फर्दापूरच्या पर्यटन महामंडळाच्या निवासात किंवा जवळच्या हॉटेलात सॉकेटची विचारणा करून तिथेच गाडी लावता आली तर सिल्लोडला थांबायची गरज उरणार नाही. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेवढे वार पाहून घ्यावेत.

जालन्याहून परभणीचे सव्वाशे किलोमीटर हा या फेऱ्यातला चार्जरच्या दृष्टीने सर्वांत कोरडा भाग आहे. जालन्यात भरून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि वाटेत मिळेल या आशेवर तर मुळीच राहू नये. परभणीत रात्रीचे सॉकेट पक्के असेल तर तिथे वीस टक्क्यांवर पोहोचलात तरी पुरे. नसेल तर जालन्याहून निघताना शंभर टक्के भरून, वेग ७० वर ठेवून परभणीला पोहोचावे आणि तिथल्या चार्जरवर नांदेडच्या ७५ किलोमीटरपुरती वीज घ्यावी. गाडी कुठे थांबलीच, तर ती चाकांवर ओढत नेऊ देऊ नये, कारण फिरणाऱ्या चाकांबरोबर मोटारही फिरते आणि बिघाड होतो. कंपनीच्या रस्ता-साहाय्य क्रमांकावर फोन करून सपाट पाट्याचीच गाडी, म्हणजे जिच्यावर आपली गाडी चढवून नेता येते ती, मागवावी आणि तो क्रमांक निघण्यापूर्वी घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.